सरकारी माध्यमिक शाळांतील मार्गदर्शन व समुपदेशन सेवेचे व्यवस्थापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माध्यमिक शाळेत मार्गदर्शन व समुपदेशन सेवा सुरू करणे तुलनेने सोपे असते. ती विद्यार्थ्यांचा विश्वास राखून वर्षानुवर्षे चालवणे अवघड असते. सरकारी शाळांत वर्ग मोठे, मनुष्यबळ अपुरे आणि प्रशासकीय कामांचा ओघ अखंड असतो, त्यामुळे या सेवेचे बरेवाईट समुपदेशकाच्या कौशल्याइतकेच शाळाप्रमुखांच्या रोजच्या लहानसहान निर्णयांवर ठरते. मुख्याध्यापक, समुपदेशक, वर्गशिक्षक आणि शाळेच्या कारभारात सहभागी असलेले पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. कायद्याचे तपशील देशोदेशी वेगळे असल्यामुळे जेथे कायद्याचा संबंध येतो, तेथे आपल्या भागातील नियम पाहूनच कार्यपद्धती ठरवावी.

ही सेवा नेमकी कोणत्या विद्यार्थ्यांसाठी असते?

सर्व विद्यार्थ्यांसाठी. ‘बिघडलेल्या’ किंवा ‘अडचणीतल्या’ मुलांसाठीची ही सोय आहे, असा समज शाळेत एकदा रुजला की ज्यांना तिची खरी गरज असते तेच विद्यार्थी त्या खोलीकडे फिरकेनासे होतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम २८मध्ये शैक्षणिक व व्यावसायिक माहिती आणि मार्गदर्शन सर्व मुलांना उपलब्ध असावे, असे स्पष्टपणे म्हटले आहे. म्हणजे मार्गदर्शन मिळणे हा विद्यार्थ्यांचा हक्क आहे; तो पुरवणे ही शाळेची मेहेरबानी नव्हे.

व्यवहारात मात्र सर्वांना सारखीच मदत लागत नाही. म्हणून कामाची तीन स्तरांत आखणी करण्याची पद्धत रूढ झाली आहे. पहिल्या स्तरावर सर्व वर्गांसाठी तासिका असतात : अभ्यासाच्या सवयी, भावना ओळखणे, भांडण मिटवणे, पुढील शिक्षणाची माहिती. दुसऱ्या स्तरावर ज्यांच्यात काही चिन्हे दिसू लागली आहेत अशांचे छोटे गट असतात; उदाहरणार्थ, वारंवार गैरहजर राहणारे, नुकतीच शाळा बदलून आलेले किंवा घरात मृत्यू झालेले विद्यार्थी. तिसऱ्या स्तरावर वैयक्तिक समुपदेशन आणि गरज भासल्यास बाहेरील तज्ज्ञांची मदत येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ या वयोगटातील दर सात जणांपैकी एकाला मानसिक आरोग्याची काही ना काही तक्रार असते. एवढ्या मुलांना केवळ तिसऱ्या स्तरावर हाताळणे कोणत्याही शाळेला शक्य नाही, आणि पहिल्या स्तराचे काम टाळणाऱ्या शाळेत तिसऱ्या स्तरावरची गर्दी कधीच ओसरत नाही.

मार्गदर्शन आणि समुपदेशन ही दोन वेगळी कामे आहेत का?

एकमेकांत मिसळलेली असली, तरी वेगळी आहेत. मार्गदर्शनात माहिती, पर्याय आणि निर्णय घेण्याची रीत शिकवली जाते. ते वर्गात, गटात किंवा पालकसभेतही देता येते आणि प्रशिक्षित शिक्षक ते उत्तम करू शकतात. समुपदेशनात एका विद्यार्थ्याचे किंवा छोट्या गटाचे म्हणणे गोपनीयतेच्या चौकटीत ऐकून घेतले जाते आणि त्याला स्वतःचा मार्ग स्वतः शोधायला मदत केली जाते. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात मांडलेल्या तीन गोष्टी, म्हणजे सहसंवेदना, समुपदेशकाचा खरेपणा आणि विनाअट स्वीकार, आजही या कामाचा पाया मानल्या जातात. उपदेश करणे म्हणजे समुपदेशन नव्हे, हे शिक्षकांना आवर्जून सांगावे लागते. कारण शिकवण्याच्या सवयीमुळे विद्यार्थ्याचे वाक्य पुरे होण्याआधीच उत्तर देण्याची घाई होते.

सेवेची जबाबदारी कोणाची, समुपदेशकाची की मुख्याध्यापकांची?

समुपदेशनाच्या दर्जाची जबाबदारी समुपदेशकाची. सेवा चालण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांची. वेळापत्रकात तासिका राखून ठेवणे, खोली देणे, नोंदींसाठी कुलूपबंद कपाट देणे, शिक्षकांना सहकार्य करायला लावणे आणि समुपदेशकावर इतर कामे लादली जाऊ न देणे, यांपैकी एकही गोष्ट समुपदेशकाच्या अधिकारात नसते. शक्य असल्यास मुख्याध्यापक, समुपदेशक, दोन-तीन वर्गशिक्षक आणि एक पालक-प्रतिनिधी यांचा छोटा सल्लागार गट नेमावा आणि प्रत्येक सत्रात त्याची किमान एक बैठक घ्यावी. या बैठकीत कार्यक्रमाची चर्चा व्हावी. कोणत्याही एका विद्यार्थ्याची चर्चा तेथे होता कामा नये.

एका समुपदेशकाकडे किती विद्यार्थी असावेत?

अमेरिकन स्कूल कौन्सिलर असोसिएशन या व्यावसायिक संघटनेने २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, अशी शिफारस केली आहे. बहुतेक सरकारी शाळांना हे प्रमाण आवाक्याबाहेरचे वाटेल, पण ते माहीत असलेले बरे. कारण पद मागताना आणि कामाच्या अपेक्षा ठरवताना त्याचा आधार घेता येतो. विद्यार्थ्यांची संख्या याच्या कितीतरी पट असेल, तर समुपदेशकाने वैयक्तिक भेटी वाढवण्यापेक्षा वर्गातील व गटातील काम वाढवावे आणि वैयक्तिक भेटी खरोखर गरजू विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात. अशा शाळेत ‘प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून एकदा वैयक्तिक भेट’ असे उद्दिष्ट ठेवले, तर सर्वांना पाच-पाच मिनिटे मिळतात आणि उपयोग कोणालाच होत नाही.

समुपदेशकाला कोणती कामे देऊ नयेत?

हा प्रश्न किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत सेवा येथेच मोडते. समुपदेशकाकडे ठरलेले वर्ग नसल्यामुळे तो ‘मोकळा’ आहे, असे गृहीत धरले जाते. मग गैरहजर शिक्षकाच्या तासिकेवर त्याला पाठवणे, परीक्षेचे वेळापत्रक करायला लावणे, हजेरीचे तक्ते भरायला देणे, प्रवेशाच्या काळात कार्यालयात बसवणे, असे होत होत वर्षाचा बहुतांश वेळ निघून जातो. वर उल्लेखिलेल्या संघटनेची शिफारस अशी आहे की समुपदेशकाचा किमान ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांसाठीच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कामात जावा. प्रत्यक्ष कामात भेटी, गट आणि वर्गातील तासिका येतात. अप्रत्यक्ष कामात पालक, शिक्षक आणि तज्ज्ञांशी सल्लामसलत येते. नियोजन आणि शाळेतील इतर सर्वसाधारण कामे उरलेल्या २० टक्क्यांत बसवायची असतात.

दोन कामांबाबत मात्र विशेष दक्षता हवी. शिक्षा देण्याचे किंवा शिस्तभंगाच्या चौकशीचे काम समुपदेशकाकडे कोणत्याही परिस्थितीत नसावे, कारण जो शिक्षा करू शकतो त्याच्याजवळ मूल मन मोकळे करत नाही. तसेच समुपदेशकाने ज्यांना गुण द्यायचे आहेत, त्याच विद्यार्थ्यांचे समुपदेशन त्याच्याकडे देणे शक्य तेवढे टाळावे. मुख्याध्यापकांनी वर्षातून दोनदा, एखादा आठवडा निवडून, समुपदेशकाला तासागणिक वेळ कोठे गेला याची नोंद ठेवायला सांगावी. ही नोंद समुपदेशकाची झडती घेण्यासाठी नसते. शाळाच त्याचा वेळ कोठे खर्च करते आहे, हे त्यातून कळते.

स्वतंत्र समुपदेशक नसेल तर काय करावे?

एखाद्या शिक्षकाकडे हे काम सोपवावे लागते आणि ते वाईटच होते असे नाही. निवड करताना ज्येष्ठतेपेक्षा विद्यार्थी आपणहून कोणाकडे जातात हे पाहावे, त्या शिक्षकाची संमती घ्यावी, त्याच्या तासिका खरोखर कमी कराव्यात आणि प्रशिक्षणाची सोय करावी. अशा शिक्षकाने मार्गदर्शन, प्राथमिक ऐकून घेणे, धोक्याची चिन्हे ओळखणे आणि योग्य तज्ज्ञाकडे पाठवणे एवढे काम करावे. निदान, मानसोपचार किंवा दीर्घकाळचे समुपदेशन त्याच्याकडून अपेक्षू नये. तासिका कमी न करता केवळ आदेश काढून दिलेली जबाबदारी कागदावरच राहते.

वर्षाचे नियोजन कसे करावे?

आधी गरजा पाहाव्यात आणि मग कार्यक्रम ठरवावेत. बहुतेक शाळांत याच्या उलट होते : व्याख्याने ठरतात आणि नंतर त्यांची गरज होती असे अहवालात लिहिले जाते. गरजा समजण्यासाठी शाळेकडे असलेलीच माहिती बरीच बोलकी असते. कोणत्या इयत्तेत गळती होते, कोणत्या महिन्यात गैरहजेरी वाढते, कोणत्या विषयात अनुत्तीर्णांची संख्या जास्त आहे, भांडणे कोणत्या वेळी आणि कोणत्या जागी होतात, हे एका तक्त्यात मांडले की निम्मे नियोजन आपोआप सुचते. त्याला विद्यार्थ्यांच्या निनावी प्रश्नावलीची आणि शिक्षकांशी केलेल्या चर्चेची जोड द्यावी.

नॉर्मन गिस्बर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकापासून अमेरिकेत विकसित केलेल्या सर्वंकष मार्गदर्शन कार्यक्रमात कामाचे चार भाग केले आहेत : वर्गात शिकवायचा मार्गदर्शनाचा अभ्यासक्रम, प्रत्येक विद्यार्थ्याचे शैक्षणिक व व्यावसायिक नियोजन, तातडीच्या गरजांना प्रतिसाद आणि या सर्वांना लागणारा व्यवस्थेचा आधार. या मांडणीमागचा विचार असा होता की मार्गदर्शन ही एका पदाभोवती फिरणारी सुटी सेवा न राहता शाळेच्या शैक्षणिक कार्यक्रमाचा भाग व्हावी. नियोजन करताना या चारही भागांना वेळ दिला आहे ना, एवढे पाहिले तरी कार्यक्रम एकांगी होत नाही. परीक्षांच्या आधीचे आठवडे, निकालानंतरचे दिवस, विषय किंवा शाखा निवडण्याचा काळ आणि नव्या इयत्तेचा पहिला महिना हे काळ वेळापत्रकात आधीच मोकळे ठेवावेत, कारण तेव्हा गर्दी होणार हे दरवर्षी ठाऊकच असते.

खोली कशी असावी?

बाहेर आवाज जाणार नाही आणि आत कोण गेले हे सर्वांना दिसणार नाही, अशी. मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून किंवा कार्यालयातून वाट असलेली खोली टाळावी. स्वतंत्र खोली मिळतच नसेल, तर ग्रंथालयाची किंवा प्रयोगशाळेची रिकामी वेळ ठरवून घ्यावी, पण तेवढ्या वेळात तेथे दुसरे कोणीही येणार नाही याची हमी मुख्याध्यापकांनी द्यावी. सुरक्षिततेसाठी दाराला काचेची छोटी पट्टी असावी आणि विद्यार्थी तिच्याकडे पाठ करून बसेल अशी खुर्ची ठेवावी.

विद्यार्थी स्वतःहून येत नाहीत. त्यांना कसे आणावे?

आणू नये, येणे सोपे करावे. समुपदेशकाने वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येक वर्गात जाऊन आपली ओळख करून द्यावी, कोणत्या गोष्टींसाठी यायचे याची साधी उदाहरणे द्यावीत आणि भेटीची वेळ ठरवण्याची अशी पद्धत सांगावी की वर्गशिक्षकाला कारण सांगावे लागणार नाही. चिठ्ठी टाकण्यासाठी पेटी ठेवायची असेल, तर ती रोज उघडली गेली पाहिजे, कारण तीत एखादी तातडीची चिठ्ठी असू शकते. समुपदेशकाने विषय-निवडीसारख्या रोजच्या कारणांसाठीही विद्यार्थ्यांना भेटत राहावे. म्हणजे त्या खोलीत जाणे ही चर्चेची बाब राहत नाही.

शिक्षकांकडून पाठवल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक पानाचा अर्ज पुरतो. त्यात शिक्षकाने आपला निष्कर्ष लिहू नये, जे पाहिले ते लिहावे. ‘आळशी आहे’ याऐवजी ‘गेले तीन आठवडे गृहपाठ आणलेला नाही, मधल्या सुट्टीत एकटा बसतो’ असे लिहिले की समुपदेशकाला काहीतरी धरायला मिळते. विद्यार्थ्याला वर्गात सर्वांसमोर ‘समुपदेशकाकडे जा’ असे सांगण्याची पद्धत तर ताबडतोब बंद करावी.

गोपनीयता म्हणजे काय, आणि ती कोठे संपते?

विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय शिक्षक, पालक किंवा मुख्याध्यापक यांना न सांगणे, ही गोपनीयता. तिला तीन ठळक अपवाद आहेत : विद्यार्थ्याच्या स्वतःच्या जिवाला धोका असणे, त्याच्याकडून दुसऱ्या कोणाला गंभीर इजा होण्याची शक्यता असणे, आणि विद्यार्थ्याचे किंवा अन्य बालकाचे शारीरिक, लैंगिक वा अन्य प्रकारचे शोषण होत असल्याचे समोर येणे. न्यायालयाचा आदेश किंवा कायद्याने बंधनकारक केलेली माहिती, हाही अपवादाचाच भाग.

हे अपवाद पहिल्याच भेटीत, विद्यार्थ्याने काही सांगण्याआधी आणि त्याला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजेत. ‘तू सांगशील ते मी कोणालाही सांगणार नाही’ असे बिनशर्त वचन समुपदेशकाने कधीही देऊ नये. असे वचन देऊन नंतर ते मोडले, तर तो विद्यार्थी केवळ त्या समुपदेशकावरचा विश्वास गमावत नाही. मोठ्या माणसांना काही सांगण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष तो काढतो. गोपनीयता ओलांडण्याची वेळ आलीच, तर काय, कोणाला आणि का सांगायचे आहे हे विद्यार्थ्याला आधी सांगावे, कसे सांगायचे याबाबत त्याचे म्हणणे ऐकावे आणि आवश्यक तेवढेच सांगावे. असे करण्याने त्याचा धोका वाढणार असेल, तरच हा क्रम बदलावा.

गोपनीयता फुटते ती बहुतेक वेळा मोठ्या प्रसंगात नव्हे, शिक्षकांच्या खोलीतील गप्पांत. ‘त्या मुलीच्या घरी काय चालले आहे, कळले का?’ या प्रश्नाला उत्तर न देण्याची मुभा आणि पाठबळ समुपदेशकाला मुख्याध्यापकांकडून मिळाले पाहिजे. बालहक्क संहितेचे कलम १६ मुलांच्या खाजगीपणाला संरक्षण देते, हे शिक्षकांच्या बैठकीत वर्षाच्या आरंभी सांगून ठेवणे योग्य.

मुख्याध्यापकांनी किंवा वर्गशिक्षकांनी विचारले, तर समुपदेशकाने किती सांगावे?

त्यांना आपले काम करण्यासाठी जेवढे लागते तेवढेच. वर्गशिक्षकाला विद्यार्थिनीच्या घरातील कलहाचा तपशील लागत नाही. ‘पुढचे दोन आठवडे तिला सर्वांसमोर उभे करून प्रश्न विचारू नयेत आणि अपुऱ्या गृहपाठाबद्दल थोडी सवलत द्यावी’ एवढे पुरते. मुख्याध्यापकांना एकूण संख्या, समस्यांचे ढोबळ प्रकार आणि जिवाला धोका असलेली प्रकरणे कळली पाहिजेत. विचारणारी व्यक्ती वरिष्ठ आहे, एवढे कारण तपशील उघड करण्यास पुरेसे नाही.

पालकांची संमती घ्यावी लागते का?

याबाबतचे नियम ठिकठिकाणी निराळे आहेत, म्हणून शाळेने आपले धोरण लेखी स्वरूपात ठरवून प्रवेशाच्या वेळीच पालकांना द्यावे. सर्वसाधारणपणे वर्गातील मार्गदर्शनासाठी वेगळी संमती लागत नाही. नियमित वैयक्तिक समुपदेशन, मानसशास्त्रीय चाचणी किंवा बाहेरील तज्ज्ञाकडे पाठवणे यांसाठी ती घेतली जाते. तातडीच्या प्रसंगी संमतीची वाट पाहत विद्यार्थ्याला तसेच ठेवता येणार नाही, हेही त्या धोरणात नमूद असावे. विद्यार्थ्याची स्वतःची तयारी मात्र प्रत्येक वेळी विचारावी. संहितेच्या कलम १२नुसार स्वतःशी संबंधित बाबींत मुलाचे मत विचारात घेतले जाणे आवश्यक आहे, आणि अनिच्छेने बसवलेल्या मुलाशी समुपदेशन होतही नाही.

पालकांना बोलावण्याचे निमित्त केवळ तक्रार असू नये. चांगल्या बदलाबद्दल सांगण्यासाठी एखादा निरोप गेला, तर पुढच्या अवघड संभाषणात पालक शाळेच्या विरुद्ध बाजूला उभे राहत नाहीत.

नोंदी कशा ठेवाव्यात?

तारीख, भेटीचे कारण, विद्यार्थ्याने सांगितलेले मुख्य मुद्दे, ठरलेली पुढची पावले आणि धोक्याची तपासणी केली असल्यास तिचा निष्कर्ष, एवढे पुरे. नोंद अशा भाषेत लिहावी की तो विद्यार्थी मोठेपणी ती वाचेल, तर त्याचा अपमान होणार नाही. या नोंदी विद्यार्थ्याच्या शैक्षणिक दप्तरात ठेवू नयेत. त्यांचे कपाट वेगळे आणि किल्ली मर्यादित व्यक्तींकडे असावी. संगणकावर ठेवायच्या असतील, तर स्वतंत्र पासवर्ड हवा. शाळेच्या सामायिक संगणकावरील फोल्डर किंवा शिक्षकांचा व्हॉट्सॲप गट ही त्यांची जागा नव्हे. नोंदी किती वर्षे जपायच्या आणि केव्हा नष्ट करायच्या, हे संबंधित नियमांनुसार लिहून ठेवावे.

विद्यार्थ्याच्या मनात आत्महत्येचा विचार असल्याची शंका आल्यास काय करावे?

प्रथम, त्याला स्पष्टपणे विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती अनाठायी आहे. उपलब्ध संशोधनात याला आधार मिळत नाही, उलट विचारल्याने अनेकांना मोकळे वाटते. ‘जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?’ असे शांतपणे आणि दोष न देता विचारावे. उत्तर होकारार्थी असेल, तर कसे करायचे हे ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, यापूर्वी प्रयत्न झाला आहे का, हे जाणून घ्यावे.

धोका जाणवल्यास त्या क्षणापासून विद्यार्थ्याला एकटे सोडू नये. स्वच्छतागृहात किंवा घरी एकटे पाठवू नये. मुख्याध्यापकांना आणि पालकांना त्याच दिवशी कळवावे. घरातील व्यक्तीकडूनच छळ होत असल्याची शंका असेल, तर पालकांऐवजी बालसंरक्षण यंत्रणेला कळवावे. घातक साधने मुलाच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करायला पालकांना नेमक्या शब्दांत सांगावे, कारण अशी प्रबळ ऊर्मी बऱ्याचदा थोड्या काळापुरती असते आणि तेवढ्या काळात साधन दूर असणे प्राण वाचवते. मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालय यांच्याकडे नेण्याची सोय करावी आणि भेट खरोखर झाली का, याचा पाठपुरावा करावा.

‘मी असे काही करणार नाही’ असे लिहून घेऊन सही घेण्याची पद्धत निरुपयोगी आहे. त्यातून शाळेला सुटल्यासारखे वाटते, विद्यार्थी सुरक्षित होत नाही. त्याऐवजी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी विकसित केलेल्या सुरक्षा-योजनेचा वापर करावा. त्यात विद्यार्थ्यासोबत बसून पुढील गोष्टी त्याच्याच शब्दांत लिहिल्या जातात : धोक्याची सुरुवात कशी ओळखायची, स्वतःला सावरण्यासाठी काय करता येईल, मन दुसरीकडे गुंतवण्यासाठी कोणाजवळ किंवा कोठे जायचे, मदत कोणाकडे मागायची, कोणत्या तज्ज्ञांशी वा सेवांशी संपर्क साधायचा आणि आजूबाजूची जागा सुरक्षित कशी करायची.

विद्यार्थी उपचारांनंतर शाळेत परत येतो, तो दिवस अनेक शाळा विसरतात. त्याआधी त्याच्याशी आणि पालकांशी बोलून राहिलेला अभ्यास, मित्रांना काय सांगायचे आणि अस्वस्थ वाटल्यास वर्गातून कोणाकडे जायचे, हे ठरवून ठेवावे. दुर्दैवाने मृत्यू घडलाच, तर पद्धतीचे वर्णन, एकच कारण देणे आणि भव्य श्रद्धांजली हे तिन्ही टाळावे. जवळच्या मित्रांकडे आणि आधीपासून अस्वस्थ असलेल्या विद्यार्थ्यांकडे लगेच लक्ष द्यावे. ही सारी कार्यपद्धती प्रसंग येण्याआधी लिहून ठेवावी आणि कोणी काय करायचे हे नावानिशी ठरवावे.

शोषणाची तक्रार शाळेतील कर्मचाऱ्याविरुद्धच असेल तर?

तरीही तीच पद्धत : ऐकावे, विश्वास ठेवावा, नोंद करावी आणि कायद्याने नेमलेल्या यंत्रणेला विलंब न लावता कळवावे. समुपदेशकाने स्वतः तपास करू नये, मुलाची पुन्हा पुन्हा उलटतपासणी घेऊ नये आणि आरोपीसमोर त्याला उभे करू नये. शाळेच्या नावाला धक्का लागेल म्हणून प्रकरण ‘अंतर्गत’ मिटवण्याचा प्रयत्न हा मुलावर केलेला दुसरा अन्याय आहे. संहितेच्या कलम ३नुसार मुलाचे हित हा प्राथमिक विचार असतो, आणि येथे ते शब्दशः पाळायचे असते.

शिक्षेऐवजी समुपदेशनाला पाठवता येईल का?

‘ऐवजी’ असे समीकरण मांडले की समुपदेशन हीच शिक्षा होते. नियमभंगाबद्दलची कारवाई शाळेने आपल्या नियमांनुसार करावी आणि त्या वर्तनामागचे कारण समजून घेण्यासाठी समुपदेशनाची संधी वेगळी द्यावी. समुपदेशकाकडून ‘हा सुधारला की नाही’ असा दाखला मागू नये.

व्यवसाय मार्गदर्शनात कलचाचण्यांना किती महत्त्व द्यावे?

मर्यादित. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय सुरू केले, तेव्हा त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या : स्वतःची नीट ओळख, कामधंद्यांच्या जगाची माहिती, आणि या दोहोंच्या संबंधाचा तर्कशुद्ध विचार. शाळांमध्ये अनेकदा पहिल्यासाठी एक चाचणी घेतली जाते, दुसऱ्यासाठी एक व्याख्यान होते आणि तिसरी गोष्ट कोणीच करत नाही. खरे काम तिथेच असते.

मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी मांडलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या सहा प्रकारांवर आधारलेल्या चाचण्यांतून आवड कळते, क्षमता कळत नाही. अभिक्षमता चाचणीतून काही क्षमतांचा अंदाज येतो, पण परिस्थिती आणि इच्छा कळत नाही. ज्या मुलाने एखादे काम कधी पाहिलेलेच नाही, तो त्याची आवड कशी नोंदवणार? म्हणून वेगवेगळ्या व्यवसायांतील व्यक्तींशी गाठभेट, कामाच्या जागी भेट आणि शिष्यवृत्ती, प्रवेशाच्या अटी, खर्च यांची खरी माहिती चाचणीआधी मिळाली पाहिजे. मुलींना आणि गरीब घरांतील मुलांना ‘त्यांना झेपेल असेच’ पर्याय दाखवण्याची सवय शिक्षकांत नकळत असते. समुपदेशकाने ती जाणीवपूर्वक तपासावी.

सर्व विद्यार्थ्यांची मानसिक आरोग्याची चाचणी घ्यावी का?

निष्कर्षावर काम करण्याची क्षमता असेल, तरच. मुलांच्या भावना व वर्तनातील अडचणींविषयीची रॉबर्ट गुडमन यांची १९९७ साली प्रसिद्ध झालेली २५ विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते, परंतु अशी साधने केवळ अधिक लक्ष कोणाकडे द्यावे हे सुचवतात. ती निदान करत नाहीत. चाचणीत मुलाने ‘मी खूप दुःखी असतो’ असे लिहिले आणि नंतर कोणीच विचारपूस केली नाही, तर ती चाचणी न घेतलेलीच बरी होती.

इतर विद्यार्थ्यांना आधार देणारे विद्यार्थी-मित्र नेमावेत का?

होय, त्यांना प्रशिक्षण आणि समुपदेशकाची नियमित देखरेख असेल तर. ऐकणे, सोबत देणे आणि मोठ्यांपर्यंत नेऊन पोहोचवणे, एवढीच त्यांची भूमिका असावी.

सेवेचा उपयोग होतो आहे, हे कसे ओळखावे?

भेटींची संख्या मोजणे सोपे असते, म्हणून तीच अहवालात जाते. पण तिच्यावरून काम किती झाले एवढेच कळते, त्याने काय बदलले ते कळत नाही. गटात आलेल्या विद्यार्थ्यांची गैरहजेरी आधी आणि नंतर किती होती, विषय-निवडीनंतर किती जणांना ती बदलावी लागली, तज्ज्ञांकडे पाठवलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष पोहोचले, हे पाहावे. निनावी प्रश्नावलीत ‘अडचण आल्यास शाळेतील कोणा मोठ्या व्यक्तीकडे तू जाऊ शकशील का?’ हा एक प्रश्न दरवर्षी विचारावा. त्याच्या उत्तरातील बदल बरेच काही सांगतो. सेवा सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी छळाच्या किंवा नैराश्याच्या नोंदी वाढल्या, तर घाबरू नये. बहुधा समस्या वाढलेल्या नसतात, त्या सांगितल्या जाऊ लागलेल्या असतात. अशा नोंदी ‘कमी करण्याचे’ उद्दिष्ट वरून ठरवून दिले, तर त्या कागदावर निश्चित कमी होतील.

समुपदेशकाला आधार कोणी द्यावा?

रोज इतरांचे दुःख ऐकणाऱ्या व्यक्तीला स्वतःचे काम अनुभवी व्यक्तीसमोर मांडण्याची नियमित सोय हवी. शाळेत तशी व्यक्ती नसते, म्हणून जवळच्या शाळांतील समुपदेशकांनी महिन्यातून एकदा एकत्र येऊन, विद्यार्थ्यांची ओळख न देता, अवघड प्रकरणांची चर्चा करावी आणि शक्य तेव्हा एखाद्या वरिष्ठ मानसशास्त्रज्ञाला बोलवावे. हा वेळ कामाचाच वेळ धरावा, रजा नव्हे.

समुपदेशकाची बदली झाली, तर चालू प्रकरणांचे काय?

सरकारी शाळांत हे घडणारच, त्यामुळे त्याची तयारी पहिल्या दिवसापासून असावी. बदलीचा आदेश कळताच समुपदेशकाने नियमित भेटणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः सांगावे, शेवटची भेट ठरवावी आणि पुढे कोणाकडे जायचे हे त्याच्याशी बोलून निश्चित करावे. विद्यार्थ्याची तयारी असल्यास नव्या समुपदेशकाची ओळख त्या शेवटच्या भेटीतच करून द्यावी. जोखमीच्या प्रकरणांची यादी आणि त्यांच्या सुरक्षा-योजना लेखी स्वरूपात, पोच घेऊन, हस्तांतरित कराव्यात. नवी नेमणूक व्हायला वेळ लागणार असेल, तर त्या यादीतील विद्यार्थ्यांची विचारपूस मधल्या काळात कोणता शिक्षक करणार हे मुख्याध्यापकांनी ठरवावे आणि त्या शिक्षकाचे नाव विद्यार्थ्यांना समुपदेशक कार्यमुक्त होण्याआधी कळलेले असावे.